आधी उंची ठरवा, मग अलाइनमेंट

यवतमाळ जिल्ह्यात पिकअप वर्षभर रिकामी राहत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापूस निघू लागला की ती राळेगाव, वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगसमोर रांगेत लागते. कापूस सरला की तिच्यावर खताची पोती, सिमेंट, गिट्टी, बकऱ्या, मंडपाचे सामान, जे मिळेल ते चढते. एवढ्या कामाने मागचे पाटे काही वर्षांत बसतात. पुष्कळ मालक तर ते बसायची वाट न पाहता गाडी घेतल्या घेतल्याच दोन पाटे जादा टाकून घेतात. त्यामुळे मागचा भाग वर जातो, रिकामी गाडी पुढे झुकलेली दिसते, आणि मग ती ‘लेव्हल’ करायची म्हणून पुढेही काहीतरी उचलले जाते: कुठे स्प्रिंगवर स्पेसर, कुठे पुढच्या पाट्यांत एक जास्तीचा पाटा, कुठे टॉर्शन बारचा बोल्ट पिळणे. व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घेणाऱ्या हौशी मंडळींची कथा थोडी वेगळी. त्यांच्या गाडीचा मागचा भाग कंपनीतूनच उंच आलेला असतो आणि पुढचा त्याच्या बरोबरीला आणायचा असतो. शेवट मात्र दोघांचाही सारखाच होतो. स्टिअरिंग मधोमध राहत नाही, गाडी एका बाजूला ओढते, वळण संपले तरी स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, खड्ड्यात हाताला झटका बसतो आणि पुढच्या टायरची एकच कड खरडून निघते. मालक अलाइनमेंट करून आणतो, पडद्यावर आकडे हिरवे दिसतात, आणि आठ दिवसांत तक्रार पुन्हा दाराशी. दोष मग मशीनवर किंवा मिस्त्रीवर जातो. खरे पाहता चुकलेला असतो कामाचा क्रम. अलाइनमेंट हे शेवटचे काम आहे आणि आपल्याकडे ते पहिले केले जाते.

मुळात कंपनीने मागचा भाग चार बोटे उंच ठेवला तो का, हे आधी समजून घ्यावे. पिकअप माल वाहण्यासाठी बनते. माल चढला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. म्हणजे रिकामेपणी जी गाडी पुढे किंचित झुकलेली दिसते, तीच भरल्यावर समतल असते. रिकामी असतानाच समतल केलेली गाडी भरल्यावर नाक वर करून चालते. डोळ्याला जे ‘लेव्हल’ दिसते ते रिकाम्या गाडीचे, आणि गाडी कमावते ती भरलेली असताना. अमेरिकेत पिकअपचा पुढचा भाग उचलण्याचे तयार किट विकण्याचा मोठा धंदा आहे, पण तिथे अनेक पिकअप घरगुती वापराच्या असतात, रोज टनभर माल वाहत नाहीत. तिथले चित्रफितीतले सल्ले आर्णी-महागावच्या रस्त्यावर भरल्या गाडीला जसेच्या तसे लावले तर फसगत होणारच.

अलाइनमेंटच्या कागदावर तीन आकडे महत्त्वाचे असतात. टो म्हणजे वरून पाहिले असता दोन्ही पुढची चाके समोर आत वळली आहेत की बाहेर फाकली आहेत. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत झुकला आहे की बाहेर. तिसरा कॅस्टर, आणि याच्याकडेच कोणी बघत नाही. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, खालचे टोक पुढे काढून तिरपा लावलेला असतो. सायकल हात सोडून सरळ चालते, त्यात या तिरपेपणाचा मोठा वाटा असतो. गाडीतही चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष माथ्याकडून मागे कललेला असतो. हा कल म्हणजे कॅस्टर. तो पुरेसा असेल तर चाक सरळ रेषेत यायला स्वतःच धडपडते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येते. तो कमी झाला तर गाडी भरकटते आणि चालकाला सतत छोट्या छोट्या दुरुस्त्या कराव्या लागतात. वाजवीपेक्षा जास्त झाला तर स्टिअरिंग जड होते. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला की कमी कॅस्टर असलेल्या बाजूला गाडी ओढू लागते. टो बिघडली तर टायर खाते, हे सगळ्यांना ठाऊक असते. कॅस्टर बिघडला तर टायरवर चटकन काही दिसत नाही, फक्त गाडी हातात राहत नाही. म्हणूनच तो निसटतो.

उंचीचा आणि कॅस्टरचा संबंध साध्या हिशेबाने पटतो. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर साधारण तीन मीटर धरा. मागचा भाग पाच सेंटिमीटरने उचलला तर अख्खी चासी जवळपास एका अंशाने पुढे कलते, आणि तिच्याबरोबर चाकाचा अक्षही तेवढाच पुढे येतो. म्हणजे कॅस्टर एका अंशाने कमी झाला. मूळ कॅस्टरच दोन-चार अंशांचा असेल तर एक अंश ही मोठी रक्कम झाली. आता याच गाडीत टनभर खत भरा. मागचा भाग दबतो, चासी उलट कलते, हरवलेला कॅस्टर परत येतो. ‘माल असला की गाडी मस्त चालते, रिकामी आणताना मात्र उडते आणि भरकटते’ ही तक्रार यातूनच येते, आणि ती करणारा चालक अगदी बरोबर सांगत असतो. अशा गाडीची टो कितीदाही बसवली तरी रिकाम्या फेरीतले भरकटणे जाणार नाही, कारण दुखणे टोमध्ये नाहीच.

पुढचा भाग उचलल्यावर काय होते, हे गाडीच्या पुढे कोणते सस्पेन्शन आहे त्यावर ठरते. खाली वाकून पाहा. दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी जाड धुरा आणि तिच्यावर पाटे दिसत असतील तर ती सलग अ‍ॅक्सलची गाडी. जड मालाच्या अनेक पिकअपमध्ये हीच रचना असते. इथे पुढे पाटा वाढवल्याने चासीचे नाक वर जाते, कॅस्टर वाढतो आणि स्टिअरिंग जड होऊ शकते. पण मोठी अडचण ड्रॅग लिंकची असते. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा हा दांडा मूळ उंचीला जवळपास आडवा असतो. गाडी उचलली की तो तिरपा होतो, आणि मग चाक खड्ड्यात वर-खाली झाले की दांडा चाकाला ढकलतो. तुम्ही स्टिअरिंग धरून बसलेले असता आणि गाडी आपली आपण वळते. याउलट प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग असेल तर प्रत्येक चाक स्वतंत्र आहे. तिथे स्पेसरने उंची वाढवली की आर्म खाली लोंबतात. वरचा आर्म आखूड असल्याने त्याचे टोक वेगळ्या वर्तुळात फिरते, आणि चासीचा कल जो कॅस्टर देऊ पाहतो त्याहून जास्त कॅस्टर हा आर्म काढून घेतो. चाकाचा माथा बहुधा बाहेर झुकतो. टाय रॉडही खाली झुकतात, त्यामुळे टो हमखास हलते. शॉकअपच्या माथ्यावर टाकलेला एक इंचाचा स्पेसर चाकापाशी दीड ते दोन इंच उंची देतो, कारण शॉकअप आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसलेला असतो, टोकाला नव्हे. ‘फक्त एकच इंच टाकला’ असे म्हणणाऱ्याने हा गुणाकार लक्षात घ्यावा. टॉर्शन बारच्या गाडीत बोल्ट पिळून उंची मिळते खरी, पण त्याने बार कडक होत नाही. चाकाला खाली जायला उरलेली जागा तेवढी कमी होते, आणि गाडी प्रत्येक उंचवट्यावर ठकठक करते.

आता कामाचा क्रम. सगळ्यात आधी ढिलाई शोधायची. इंजिन बंद ठेवून, गाडी चाकांवरच उभी असताना एकाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे झटकावे आणि दुसऱ्याने खाली आडवे होऊन प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवावीत. टाय रॉड एंडचा कप हलतो आणि त्यातला बॉल उशिरा हलतो, तो क्षण बोटाला स्पष्ट कळतो. डोळ्याला तो दिसेलच असे नाही. नंतर पुढचे चाक जॅकवर उचला, खाली घोडी लावा, आणि चाक वर-खाली धरून हलवा. तिथे खेळ जाणवला तर किंगपिन, बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. चाक डावे-उजवे धरून हलवल्यावर खेळ आला तर बहुधा टाय रॉड. मग मागे जा. पाटे नुकतेच वाढवले असतील तर यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट जरूर पाहा. सेंटर बोल्ट तुटला किंवा त्याचे डोके अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसले नाही तर अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकते आणि अख्खी गाडी तिरकी धावते. पुढची चाके मशीनवर कितीही सरळ केली तरी स्टिअरिंग वाकडेच राहते. याची पडताळणी फुकट होते: स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेपने दोन्ही बाजू मोजा. फरक काही मिलिमीटरचा असेल तर ठीक, बोटभर निघाला तर अलाइनमेंटच्या दुकानात जाण्यात अर्थ नाही. पाटेवाल्याकडे जा. ढिलाई असलेल्या गाडीवर बसवलेले आकडे दुकानाच्या फाटकापर्यंतही टिकत नाहीत.

दुसरे काम उंची आणि वजन मोजण्याचे. यासाठी लागणारी सपाट जागा आपल्या जिल्ह्यात जिथे तिथे आहे: वजनकाटा. जिनिंगचा असो, बाजार समितीचा असो की गिट्टी खदानीचा, त्याचा प्लॅटफॉर्म समतल असतो. तिथे रिकामी गाडी उभी करून चारही चाकांचा मध्य ते मडगार्डची कड हे अंतर लिहून घ्या. मग फक्त पुढची चाके काट्यावर चढवून वजन घ्या आणि नंतर संपूर्ण गाडीचे. दोहोंतला फरक म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार. हेच नेहमीच्या मालासह पुन्हा करा. नेहमीच्या म्हणजे खरोखर नेहमीच्या. कापूस दिसायला डोंगराएवढा असतो पण वजनाला हलका. खत आणि गिट्टी यांचे उलट. जी गाडी वर्षातले चार महिने कापूस आणि उरलेले महिने फुटकळ माल वाहते तिला मुळात दोन जादा पाट्यांची गरज होती का, याचे उत्तर या आकड्यांतच मिळते. अनेकदा ते उत्तर ‘नाही’ असे असते. बसलेले जुने पाटे बदलून कंपनीच्या मापाचे नवे टाकले असते तर एवढे पुढचे सव्यापसव्य करावेच लागले नसते. डाव्या-उजव्या उंचीत फरक दिसला तर आधी टायरची हवा पाहा, मग पाट्यांची संख्या आणि जाडी. एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा पाटा हा घोळ वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो.

उंची ठरली, वजन कळले, सांधे घट्ट झाले, की मग कॅस्टर. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत तो बदलण्याचा मार्ग म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये बसवायची तिरपी लोखंडी पाचर. ती कोणत्या बाजूने जाड ठेवायची हे अंदाजाने ठरवू नये. आधी मोजावे, दोन्ही बाजूंना सारख्या अंशाची पाचर टाकावी आणि पुन्हा मोजावे. अ‍ॅल्युमिनियमची मऊ पाचर माल वाहणाऱ्या गाडीत दबून निसटू शकते, म्हणून पोलादीच घ्यावी. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत वरच्या किंवा खालच्या आर्मला कॅम बोल्ट किंवा शिम असतात. त्यांनी कॅस्टर आणि कॅम्बर दोन्ही हलतात, पण त्यांची मर्यादा कंपनीने मूळ उंचीच्या आसपास धरलेली असते. कॅम बोल्ट एका टोकाला लागला आणि तरीही कॅस्टर भरला नाही, तर उंची जास्त झाली आहे. इथे दोनच प्रामाणिक रस्ते आहेत: बदललेल्या कोनाचा वरचा आर्म बसवणे, किंवा स्पेसर काढून त्याहून पातळ टाकणे. पहिल्यात खर्च आहे, दुसऱ्यात मान खाली घालावी लागते. मालवाहू गाडीसाठी मी दुसराच सुचवेन. उंची अर्ध्याने कमी केली तरी दिसण्यात फारसा फरक पडत नाही, चालण्यात मात्र पडतो.

टो सगळ्यांत शेवटी, कारण कॅस्टर-कॅम्बर हलवले की टो आपसूक हलते. टो बसवताना स्टिअरिंग व्हील सरळ धरून क्लॅम्प लावायला सांगा, आणि स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे फिरवले जात आहेत ना, ते पाहा. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत टो टाय रॉडवर बसते आणि स्टिअरिंगचा मध्य ड्रॅग लिंकच्या लांबीवर. ही दोन वेगळी कामे आहेत. स्टिअरिंग व्हील काढून एक दाता सरकवून सरळ लावण्याचा झटपट उपाय पुष्कळ ठिकाणी केला जातो. तो करू देऊ नका. त्याने स्टिअरिंग डोळ्यांना सरळ दिसते, पण स्टिअरिंग बॉक्सचा मध्य बाजूलाच राहतो. बॉक्सची पकड मध्यावर सर्वांत घट्ट ठेवलेली असते, तिथून बाजूला चालवलेल्या गाडीत सरळ रस्त्यावरच खेळ जाणवतो, आणि एका बाजूला गाडी कमी वळते. नव्या गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सरही असतो. तो शून्यावर न आणता स्टिअरिंग सरकवले की डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि घसरण रोखणारी यंत्रणा चुकीच्या वेळी हस्तक्षेप करू शकते.

‘पण मशीनवर सगळे हिरवे आले होते’ हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर मशीन कसे चालते त्यात आहे. कॅस्टर मोजायचा तर पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवून स्टिअरिंग ठरावीक अंशांनी आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे फिरवावे लागते. हे फिरवणे झालेच नसेल तर कॅस्टर मोजलाच गेला नाही, कागदावर काहीही छापलेले असो. दुकानात उभे राहून एवढी एकच गोष्ट पाहिली तरी पुरे. शिवाय हिरवा रंग म्हणजे मशीनमध्ये निवडलेल्या मॉडेलच्या मर्यादेत आकडा आला, एवढेच. तुमच्या गाडीऐवजी तिच्यासारखीच दुसरी आवृत्ती निवडली असेल तर हिरव्याला काही किंमत नाही. आधीची आणि नंतरची अशा दोन्ही चिठ्ठ्या मागून घ्या, आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहा. मशीनवर गाडी रिकामी चढते, हा मुद्दाही आहेच. जी गाडी जवळपास नेहमी भरलेली धावते तिच्यात नेहमीच्या भाराचा काही हिस्सा ठेवून मोजणी करता येते का, हे दुकानदाराला विचारा. रॅम्पची क्षमता असेल तर करता येते. नसेल तर मर्यादेच्या आत राहून कोणत्या टोकाकडे झुकावे, याचा निर्णय काट्यावर घेतलेल्या उंचीवरून करता येतो.

दुसरा आक्षेप: ‘शेजाऱ्यानेही हेच केले, त्याची गाडी तर सरळ चालते.’ चालत असेल. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत बुशांची झीज, टायरचा साचा, मूळ कॅस्टर वेगळा असतो. एकीत अर्धा अंश शिल्लक होता म्हणून ती निभावली, दुसरीत नव्हता. शिवाय सगळेच ओढणे अलाइनमेंटचे नसते. आपण डावीकडून चालवतो आणि रस्ता पाणी निघावे म्हणून डावीकडे उतरता केलेला असतो, तेव्हा गाडी किंचित डावीकडे जाणे हा दोष नाही. एखाद्या रिकाम्या, सरळ आणि आडवा उतार नसलेल्या पट्ट्यात चालवून पाहिले की रस्त्याचा उतार आणि गाडीचा दोष वेगळे होतात. नंतर पुढचे दोन टायर डाव्याचे उजवीकडे बदला. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. ब्रेक लावतानाच ओढत असेल तर कॅलिपर किंवा ड्रम. लांब फेरीनंतर एकच चाक जास्त तापलेले लागले तर ब्रेक चिकटला आहे. हे सगळे तपासून उरलेले ओढणे तेवढे अलाइनमेंटचे. टायरही बोलतो, फक्त हात फिरवावा लागतो. तळवा टायरवर आडवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले तर टो बिघडली आहे. खरखर नसून एकच कड सपाट झिजली असेल तर संशय कॅम्बरवर.

उंची बदलण्याचे परिणाम स्टिअरिंगवरच थांबत नाहीत. अनेक पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलपाशी एक छोटी दांडी आणि व्हॉल्व्ह असतो. माल किती आहे हे तो पाटे किती दबले यावरून ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देतो. जादा पाट्यांमुळे भरलेली गाडीही कमी दबते. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. गरज असते तेव्हाच ब्रेक अपुरा पडतो, आणि पुढची चाके जास्त भार घेऊन स्टिअरिंगला ओढतात. मूळ मापाप्रमाणे ही दांडी पुन्हा बसवून घेणे हे अलाइनमेंटइतकेच गरजेचे आहे, आणि ते सांगणारा मिस्त्री विरळा. ब्रेकचे रबरी पाइप चाक पूर्ण लोंबल्यावर ताणले जात नाहीत ना, शॉकअप पूर्ण उघडून अडकत नाही ना, फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या शाफ्टचे रबरी बूट जास्त कोनामुळे घासत नाहीत ना, हे एकदा चाके लोंबती ठेवून पाहा. हेडलाइटसाठी सोपी युक्ती: काम करण्याआधी संध्याकाळी गाडी भिंतीसमोर ठरावीक अंतरावर उभी करून प्रकाशाच्या वरच्या कडेची खडूने खूण करा, आणि काम झाल्यावर त्याच जागी उभी करून प्रकाश पुन्हा त्याच खुणेवर आणा. नाहीतर भरलेल्या गाडीचा झोत समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो.

सगळ्यात वजनदार आक्षेप पोटाचा आहे: ‘पाटे काढले तर माल कसा न्यायचा? भाडे त्याच्यावरच आहे.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण त्यामागची समजूत तपासली पाहिजे. पाटे वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही, फक्त ओझे दिसेनासे होते. अ‍ॅक्सल, चाकाचे बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक आहेत तेच राहतात. आरसी बुकातले एकूण वजन बदलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. याच कायद्याचे कलम ५२ कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असे बदल करायला मनाई करते, आणि कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असे सांगितले. बसलेले पाटे त्याच मापाच्या नव्या पाट्यांनी बदलणे ही दुरुस्ती आहे. जादा पाटे, उंच स्पेसर आणि मोठे टायर यांचा साज चढवणे हा बदल आहे. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीच्या सर्वेअरला प्रश्न विचारायला हे बदल आयते कारण देतात. भाड्याचा हिशेब करताना पुढच्या दोन टायरांचे आयुष्य, किंगपिनचा खर्च आणि हा दंड एका बाजूला मांडावा, आणि दर फेरीला वाढलेल्या चार-पाच क्विंटलांचे भाडे दुसऱ्या बाजूला. आपल्या गाडीचा हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. बहुतेकांनी तो एकदाही केलेला नसतो, एवढे खात्रीने म्हणता येईल.

‘नवे पाटे आहेत, चालून चालून बसतील, मग सगळे आपोआप ठीक होईल’ असे म्हणणाराही भेटतो, आणि त्याचे अर्धे खरे आहे. नवे पाटे आणि स्प्रिंग पहिल्या काही भरलेल्या फेऱ्यांत खरोखर थोडे बसतात. म्हणून पहिली अलाइनमेंट गाडी रस्त्यावर आणण्यापुरती मानावी. पहिल्या भरलेल्या फेऱ्यांनंतर यू बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट आपोआप ढिले पडतात, आणि दुसरी, खरी अलाइनमेंट नंतर करावी. आपल्याकडे या कामाला सोयीचा काळ पोळ्याच्या सुमाराचा. पेरणीच्या खताची धावपळ संपलेली असते आणि कापूस अजून बोंडातच असतो. तेव्हा पाटे आणि सांध्यांचे काम उरकून घेतले तर दसऱ्यापर्यंत गाडी बसते, आणि वेचणीचा माल सुरू होण्याआधी दुसरी मोजणी करता येते. त्या वेळी पहिल्या मोजणीची चिठ्ठी आणि काट्यावर लिहून घेतलेल्या उंचीचा कागद सोबत न्या. दोन्ही वेळची उंची शेजारी ठेवली की पाटे किती उतरले आणि कॅस्टर कुठे गेला हे कागदावरच दिसते, आणि पाचर बदलायची की नुसती टो पुरे, हे दुकानात उभ्या उभ्या ठरवता येते.